सूकी स्टॅकहाऊस: तेरावं पुस्तक संपलं आणि माझं डोकं फिरलंय (स्पॉयलर आहेत!!)

रातपाळी:
आधीच सांगते, खाली सगळं फोडलंय, शेवटासकट. ज्यांनी शार्लेन हॅरिसची सूकी मालिका (बारमध्ये काम करणारी, दुसऱ्यांच्या मनातलं ऐकू येणारी सूकी आणि तिच्या भोवतीचे व्हँपायर) वाचायची ठेवलीये त्यांनी इथूनच मागे फिरा, नंतर माझ्या नावाने खडे फोडू नका.

तर काल रात्री अडीच वाजता 'डेड एव्हर आफ्टर' संपवलं. तेरावं आणि शेवटचं. अडीच महिन्यांत तेराच्या तेरा पुस्तकं वाचलीयेत मी, एका हातात घास आणि एका हातात पुस्तक असं, आणि शेवटी काय हाती लागलं? सॅम!! हजार वर्षांचा व्हायकिंग व्हँपायर एरिक, ज्याच्यासाठी मी (आणि निम्म्या जगाने) इतकी पानं उलटली, तो गेला ओक्लाहोमाच्या राणीचा नवरा व्हायला, आणि आमच्या सूकीच्या पदरात बारमालक. जो मनात आलं की कुत्रा होतो.

नाही, सॅमबद्दल माझं वैयक्तिक काही नाही, भला माणूस आहे. पण बारा पुस्तकं एरिकचं ताट वाढायचं आणि तेराव्यात म्हणायचं उठा आता, पंगत संपली? मला फसवल्यासारखं वाटतंय. तुम्ही वाचलंत तेव्हा तुम्हाला काय वाटलं? आणि खरा प्रश्न: शेवट असा कडू झाला तर तुम्ही मालिका परत पहिल्यापासून वाचू शकता का? की आधीची पुस्तकंही नासतात? मला सध्या कपाटातल्या त्या तेरा पाठींकडे बघवत नाहीये.

घुबड:
पहिला नंबर. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

पानपालटी:
टीम एरिकमध्ये स्वागत. आम्ही २०१३ पासून सुतकात आहोत.

उंटावरचा_शहाणा:
मी चौथ्या पुस्तकात आहे. एरिकची स्मृती गेलीये, तो रस्त्यावर अनवाणी पळतोय आणि सूकीने त्याला आत्ताच घरी आणलंय. कसला गोड झालाय तो. चुकून धागा उघडला. आता काय करू?

रातपाळी:
@उंटावरचा_शहाणा पहिली ओळच स्पॉयलरची होती ना रे!! शीर्षकातही आहे!!

उंटावरचा_शहाणा:
शीर्षकात "तेरावं" वाचलं आणि वाटलं तेराव्याचं काहीतरी असेल. असो. पण चौथ्यातला एरिक इतका चांगला असताना सॅम?

फुलस्टॉप:
मी उलट बाजूने बोलणार आहे, शिव्या खायची तयारी आहे.

शेवट फसवणूक नाही. शेवट बाराव्या पुस्तकातच झालाय, तेरावं नुसतं आवराआवरीचं. 'डेडलॉक्ड'मध्ये सूकीकडे ते क्लुव्हिएल डोर असतं, परीलोकातली वस्तू, आजीच्या प्रियकराने आजीला दिलेली. एकच इच्छा, तीही ज्याच्यावर जीव आहे त्याच्यासाठी. एरिक डोळे लावून बसलाय की ही ते वापरून मला त्या ठरवलेल्या लग्नातून सोडवेल. आणि ती वापरते कधी? सॅम समोर मरून पडतो तेव्हा. विचारसुद्धा करत नाही. ते पान वाचल्यावर एरिकला कळलं, तिलाही कळलं, फक्त आपल्याला कळून घ्यायचं नव्हतं. पुस्तक २०१२ मध्ये आलं, वर्षभर वेळ होता की राव सगळ्यांकडे.

पानपालटी:
@फुलस्टॉप समोर माणूस मरतोय आणि हातात जीव वाचवायचं साधन आहे तर कुणीही वापरेल! भावासाठी, जेसनसाठी पण वापरलं असतं. एरिकच्या हाताखालच्या पॅमसाठी पण. त्यात प्रेमाचा कौल कुठून आला? एरिक मरत नव्हता, त्याचं फक्त लग्न होत होतं.

घुबड:
"फक्त लग्न होत होतं" 😂😂 माझी बायको हे वाचतेय म्हणून मी काही बोलत नाही.

फुलस्टॉप:
@पानपालटी मुद्दा मान्य, अर्धा. जेसनसाठी वापरलंच असतं. पण मग एरिकने ते इतकं मनाला का लावून घेतलं ते सांगा. हजार वर्षं माणसं बघितलेला प्राणी आहे तो, त्याला बरोबर वाचता आलं.

झोपमोड:
एरिकने मनाला लावून घेतलं कारण एरिकला सगळं स्वतःभोवती फिरायला हवं असतं. बोलले. आता मारा.

गप्पिष्ट:
मला या मालिकेत सगळ्यात भारी काय वाटतं माहितीये, की हिला व्हँपायर आवडतात त्याचं कारणच वेगळं आहे. दुसरीकडे नायिका त्यांच्या डोळ्यांवर, कातडीवर भाळतात. हिला दुसऱ्यांच्या मनातलं ऐकू येतं, लहानपणापासून, बारमध्ये ट्रे घेऊन फिरताना दहा जणांच्या डोक्यातला कचरा कानात. शाळेत धड लक्ष लागलं नाही, कुणाबरोबर धड प्रेम जमलं नाही, कारण समोरचा जवळ आला की त्याच्या मनात काय चाललंय ते ऐकू येणार. आणि मग बिल नावाचा व्हँपायर येतो आणि त्याच्या डोक्यात काहीच नाही! शांतता! पहिल्या पुस्तकात ती त्या शांततेच्याच प्रेमात पडते, बिलच्या नाही, असं माझं मत आहे.

आता बघा, माणसं म्हणजे पूर्ण गोंगाट. व्हँपायर म्हणजे पूर्ण शांतता. आणि शेपशिफ्टर (प्राण्याचं रूप घेणारे), वेअरवुल्फ वगैरे मंडळी मधली, त्यांचे विचार तिला अर्धवट, घुसमटलेले ऐकू येतात, भावना कळते पण वाक्य लागत नाही. म्हणजे सॅम हा बरोबर मधला आहे. थोडं कळतं, थोडं झाकलेलं राहतं. मला तर वाटतं संसाराला हेच प्रमाण बरोबर आहे.

रातपाळी:
@गप्पिष्ट हे मी असं कधी बघितलंच नव्हतं. पण तरी चिडलेली आहे.

टीकाकार_काकू:
गप्पिष्ट, छान लिहिलंस गं. यात माझी भर. मी पन्नाशी ओलांडल्यावर ही पुस्तकं हातात घेतली, मुलीने ठेवलेली होती, आणि मला पहिल्यापासून एकच प्रश्न पडायचा, या पोरीला उन्हात पडायची एवढी हौस, जरा सुट्टी मिळाली की अंगणात खुर्ची टाकून पडली, आणि ही ज्यांच्या मागे लागलीये ते उन्हात आले की जळून मरतात. तेव्हाच मी म्हटलं, हिचं यांच्यात काही जमायचं नाही. मुलगी म्हणाली आई तुला रोमान्स कळत नाही. मी म्हटलं मला ऊन कळतं.

पानपालटी:
काकू __/\__

आळशी_मांजर:
हसून हसून पुरेवाट. "मला ऊन कळतं" टी-शर्टवर छापून घेणार.

उंटावरचा_शहाणा:
तरी मी चौथं संपवलं. एरिकची स्मृती परत आली आणि त्याला त्या दिवसांतलं काहीच आठवत नाहीये. हे अन्यायकारक आहे. धागा बंद करा.

झोपमोड:
@उंटावरचा_शहाणा हेच सांगायचं होतं. तुम्ही सगळे ज्या एरिकच्या प्रेमात आहात ना तो चौथ्यातला आहे, स्मृती गेलेला. तो खरा एरिक नव्हेच. खरा एरिक म्हणजे नवव्यातला, जो मखमलीत गुंडाळलेला सुरा तिच्याकडे पाठवतो आणि ती बिचारी काय आहे ते न कळता दुसऱ्या व्हँपायरच्या देखत त्याच्या हातात देते, आणि झालं, त्यांच्या रीतीने लग्न लागलं. तिला नंतर कळतं! संरक्षणासाठी केलं म्हणे. विचारायचं तरी! आधी सातव्यात तो रक्ताचा बंध, मग हा सुरा. अकराव्यात चेटकीण मैत्रीण अमेलियाच्या मंत्राने तो बंध तोडेपर्यंत तिला स्वतःलाच खात्री नव्हती की एरिकबद्दल वाटतंय ते आपलं आहे की त्याच्या रक्ताचं. याला प्रेमकथा म्हणायचं?

आणि बिलचं तर बोलायलाच नको. सहाव्यात कळतं की तो मुळात लुईझियानाच्या व्हँपायर राणीच्या हुकमाने आला होता, हिला पटवून हिच्याकडून माहिती काढायला. पहिल्या पुस्तकातली ती सगळी हळुवार शांतता, काकू म्हणतात तसं ऊन नाहीच त्यात, ती नोकरीवरची होती.

पानपालटी:
@झोपमोड बंध तुटल्यावर पण तिला एरिक आवडतच होता हे सोयीस्करपणे विसरलीस. बंध हे कारण असतं तर अकराव्यातच विषय संपला असता.

आणि तो जाताना काय करून जातो ते पण बोला की. स्वतःच्या मानगुटीवर दोनशे वर्षांचं जोखड घेतो आणि बदल्यात मागतो काय तर सूकीला कुणी व्हँपायरने हात लावायचा नाही. पॅमला त्या भागाची शेरिफ (तिथल्या व्हँपायरांची प्रमुख) करून ठेवतो. कॅरिन या व्हँपायरला वर्षभर तिच्या घरावर पहाऱ्याला ठेवतो. न विचारता केलं, मान्य. पण केलं.

झोपमोड:
"न विचारता केलं" हेच तर म्हणतेय मी!! तेरा पुस्तकं न विचारताच चाललंय त्याचं!

धांदरट:
मी फक्त सिरियल बघितलीये. एरिक शेवटी पॅमबरोबर कंपनी काढतो ना? नवीन रक्ताची? ओक्लाहोमाची राणी कुठून आली?

आळशी_मांजर:
@धांदरट सिरियल वेगळी गं पूर्ण. ट्रू ब्लड २००८ ते २०१४, सात सीझन, आणि दुसऱ्या सीझननंतर पुस्तकाचा हात सोडून ती आपल्या वाटेने गेली. पुस्तकात बारचा स्वयंपाकी लाफायेत दुसऱ्याच भागाच्या सुरुवातीला मरतो, पोलिसातल्या अँडी बेलफ्लोरच्या गाडीत त्याचं प्रेत सापडतं. सिरियलमध्ये तो शेवटपर्यंत आहे कारण नेल्सन एलिसने काम असं केलं की त्याला मारायची कुणाची छाती झाली नसती. बिलने व्हँपायर केलेली जेसिका तर पुस्तकात मुळात नाहीच. उलट सूकीची मैत्रीण टारा पुस्तकात कपड्यांचं दुकान चालवते, लग्न करते, जुळी होतात तिला, सुखात आहे. सिरियलने तिला शेवटच्या सीझनच्या पहिल्याच भागात उडवलं. तेही धड दाखवलं नाही.

धांदरट:
अरे देवा. आणि बिल? सिरियलमध्ये ती बिलला स्वतःच्या हाताने छातीत खुंटी ठोकून मारते आणि मग शेवटच्या प्रसंगात पोटुशी दाखवलीये, शेजारी नवरा, त्याचं तोंडच दाखवत नाहीत! मी तीनदा मागे घेऊन बघितलं कोण आहे तो.

घुबड:
म्हणजे पुस्तकवाल्यांना नवरा आवडला नाही आणि सिरियलवाल्यांना नवरा दिसलाच नाही.

रातपाळी:
😂😂 तो दाढीवाला पाठमोरा माणूस मला सॅमपेक्षा चालला असता. त्याला मी एरिक समजले असते.

कुंभकर्ण२:
मला रोमान्सचं फारसं सोयरसुतक नाही, मी रहस्यकथा म्हणून ही मालिका वाचली. हॅरिसबाई मुळात रहस्यकथावाल्या आहेत, अरोरा टीगार्डनची पुस्तकं त्यांनी १९९० पासून लिहिलीत. हिचं पहिलं पुस्तक 'डेड अंटिल डार्क' २००१ चं, त्यालाही जे अँथनी पारितोषिक मिळालं ते रहस्यकथांचंच आहे. मालिकेचं नावच सदर्न व्हँपायर मिस्ट्रीज. दर पुस्तकात एक खून, एक संशयित, सूकीला कुणाच्या तरी मनातला तुकडा ऐकू येतो पण कुणाच्या ते कळत नाही. तो साचा भारी होता. लहान गाव, प्रत्येकाला प्रत्येकाची खबर, आणि तरी खुनी सापडत नाही.

म्हणून माझा राग सॅमवर नाहीच, तेराव्याच्या रहस्यावर आहे. सुरुवात काय झकास केलीये, अर्लीनचा खून, मृतदेहाला सूकीचा स्कार्फ, आळ सूकीवर. अर्लीन म्हणजे जुनी मैत्रीण जी नंतर उलटली, म्हणजे हेतूसुद्धा तयार. आता बारा पुस्तकं मनं वाचणारी बाई स्वतः संशयित, यातून काय काय करता आलं असतं! तर नाही. जुन्या भागांतले सगळे खलनायक गोळा केले, दुसऱ्या भागातला स्टीव्ह न्यूलिन, तो वकील ग्लासपोर्ट, वर सैतानाशी करार केलेला अमेलियाचा बाप. लग्नाच्या वरातीसारखे सगळे एकदम दारात.

आणि आणखी एक, बारा पुस्तकं आपण सूकीच्या डोक्यात बसून जग बघितलं, "मी" म्हणून. तेराव्यात अचानक पहिल्याच पानांपासून तृतीयपुरुषी तुकडे येतात, खलनायक कुठे काय शिजवतायत ते आपल्याला सांगतात. रहस्यकथेत हे? म्हणजे जे शोधायची मजा होती तेच आधी सांगून टाकलं. माझ्या मते लेखिकेला कंटाळा आला होता. शेवट कुणाबरोबर हा प्रश्न नंतरचा.

फुलस्टॉप:
@कुंभकर्ण२ या पोस्टला हजार टक्के अनुमोदन. तृतीयपुरुषी तुकड्यांनी मी पण बिचकलो. पुस्तक चुकीचं छापलंय की काय असं वाटलं.

गप्पिष्ट:
कंटाळ्याबद्दल सहमत, पण मला तो दहाव्यापासूनच जाणवला. नवव्यात परींच्या युद्धात तिचे जे हाल होतात त्यानंतर दहावं पुस्तक म्हणजे आजारपणातून उठलेलं घर. कोण आलं, कोण गेलं, काय रांधलं. मला स्वतःला ते आवडलं बरं का, एवढ्या मारहाणीनंतर बाई दुसऱ्या दिवशी ठणठणीत होत नाही, महिनोन्महिने रात्री दचकते, हे किती मालिकांत दाखवतात? पण कथा पुढे सरकत नाही हेही खरं.

टीकाकार_काकू:
मला मधली पुस्तकंच आवडली सगळ्यात. कट्रिना वादळ २००५ मध्ये आलं ना खरं, तर त्यानंतरच्या पुस्तकात बाईंनी तेही घेतलं. न्यू ऑर्लिन्सची व्हँपायर राणी वादळाने खिळखिळी झाली, पैसा गेला, वजन गेलं, पुढे व्हँपायरांच्या परिषदेत बाँबस्फोट, आणि मग नेवाडाचा राजा येऊन सगळं लुईझियाना गिळून बसतो. घर पडलं की सावकार दारात येतो तसं. भुताखेतांच्या गोष्टीत असं खरंखुरं राजकारण मला तरी अपेक्षित नव्हतं.

आळशी_मांजर:
आणि बब्बा!! बब्बाबद्दल कुणीच कसं बोललं नाही? शवागारातल्या व्हँपायर चाहत्याने घाईघाईत व्हँपायर केलेला एल्व्हिस प्रेस्ली, जरा डोक्याने कमी झालेला, खऱ्या नावाने हाक मारायची नाही, मांजरांचं रक्त आवडतं. माझ्या आयडीमुळे मी त्याच्यापासून चार हात लांब असते.

घुबड:
मालिकेतलं एकमेव सुखी पात्र.

उंटावरचा_शहाणा:
हे पण फोडलंत? तो एल्व्हिस आहे?? मी तो कोण असेल याचा विचार करत होतो आत्तापर्यंत.

रातपाळी:
@उंटावरचा_शहाणा तू चौथ्यापर्यंत पोचलायस ना रे? तो पहिल्यापासून आहे!! पुस्तकं डोळे मिटून वाचतोस का?

उंटावरचा_शहाणा:
मला वाटलं कुणीतरी गायक आहे.

शेवटचं_पान:
उशिरा आले धाग्यावर. शेवट फोडण्यावरून आठवलं. हे पुस्तक मे २०१३ मध्ये आलं तेव्हा मी त्या चाहत्यांच्या गोतावळ्यात होते. बाजारात यायच्या आधीच शेवट फुटला आणि पुस्तक हातात न घेतलेल्या लोकांनी एक-एक तारा द्यायला सुरुवात केली. चीड मला पण आली होती, मी पण टीम एरिक. पण नंतर ते फार घाणेरडं झालं. लेखिकेला धमक्या गेल्या, कुणी लिहिलं की शेवट असा असेल तर मी जिवाचं बरंवाईट करेन. त्या दिवसापासून माझा उत्साहच गेला. मी पुस्तक वाचलं तेच मुळी दोन वर्षांनी, सगळं थंड झाल्यावर. आणि खरं सांगू, तेव्हा इतकं वाईट नाही वाटलं. आवडलं असं नाही. पण पोटात खड्डा नाही पडला.

रातपाळी:
बापरे. धमक्या वगैरे माहीत नव्हतं. मी चिडलेय म्हणजे इथे चार ओळी खरडल्या एवढंच, बाईंना सुखात राहू दे.

पानपालटी:
हो, ते लाजिरवाणंच होतं. एरिक मिळाला नाही म्हणून दुसऱ्याच्या जिवावर उठणारे आमच्या टीममध्ये नकोत. आम्ही फक्त मुळूमुळू रडतो.

धांदरट:
'आफ्टर डेड' नावाचं पण एक पुस्तक दिसतंय, ते चौदावं का?

शेवटचं_पान:
नको!! ती कादंबरी नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात आलं, ए पासून झेड पर्यंत पात्रांची नावं आणि पुढे कुणाचं काय झालं ते. काही नोंदी तर दोन ओळींच्या. तेराव्यात शेवटी सूकी आणि सॅमचं लग्न वगैरे काही ठरत नाही, बाईंनी ते बऱ्यापैकी उघडं ठेवलंय, बघू पुढे काय होतं असं. मला त्यातली ती एक गोष्ट आवडली होती, तिला कुणाच्या तरी गळ्यात बांधून पडदा पाडला नाही. आणि मग हे पुस्तक येऊन सांगतं, झालं हो लग्न, मुलंबाळंही झाली. उघडं दार लावून कडी घातली.

कुंभकर्ण२:
ते पुस्तक म्हणजे वधू-वर सूचक मंडळाची वही. मी उभ्याउभ्या चाळलं.

गप्पिष्ट:
धाग्याच्या मूळ प्रश्नाकडे जाऊ का जरा? शेवट बिघडला तर आधीचं नासतं का?

माझ्यापुरतं, केविन हर्नच्या आयर्न ड्रुइडचं नासलं. नऊ पुस्तकं, २०११ ते २०१८. दोन हजार वर्षांहून म्हातारा ड्रुइड (प्राचीन केल्टिक पुजारी), त्याचा बोलका कुत्रा ओबेरॉन, मी त्या कुत्र्यासाठी जीव दिला असता. शेवटच्यात सगळी जगबुडीची लढाई घाईघाईत उरकली, तिघांत प्रकरणं वाटली, आणि नायकाचा हात गेला, प्रेयसी सोडून गेली, आणि पुस्तक संपलं. आता पहिलं पुस्तक उघडलं की त्यातल्या प्रत्येक विनोदावर मला वाटतं, हस बाबा हस, पुढे काय वाढून ठेवलंय ते तुला माहीत नाही. नाही वाचवत.

फुलस्टॉप:
@गप्पिष्ट पण त्याने केलेल्या उद्योगांचीच ती फळं होती ना? तिसऱ्या पुस्तकात थॉर देवाला मारायला निघालेल्यांना घेऊन गेला, तेही सगळे नको नको म्हणत असताना. पुढची सगळी बिलं त्याच्या नावावर फाटली. मला तो शेवट न्यायाचा वाटला. लिहिलाय घाईत, ते वेगळं.

पानपालटी:
मला चांगला शेवट म्हटलं की केट डॅनियल्सच आठवते. इलोना अँड्र्यूज म्हणजे नवरा-बायको मिळून लिहितात, अटलांटा शहर, कधी जादूची लाट येते आणि गाड्या-बंदुका बंद, कधी यंत्रांची लाट येते आणि जादू बंद. दहा पुस्तकं, २००७ ते २०१८. शेवटच्यात बापाशी हिशेब पुरा होतो, नवरा-मुलगा घरी, सगळे जिवंत (जवळजवळ). एकच कुरकुर, ज्याच्याशी शेवटची लढाई तो ड्रॅगन दहाव्यातच उगवतो. नऊ पुस्तकं बापाची भीती घातलीत, मग पाहुण्याला कशाला बोलावलं?

कुंभकर्ण२:
शेवट चांगला की वाईट हे ठरवायला शेवट तर व्हायला हवा. जिम बुचरच्या ड्रेस्डेन मालिकेचे वाचक २००० सालापासून रांगेत उभे आहेत. २०१४ नंतरचं पुस्तक आलं थेट २०२० मध्ये. एकदम दोन आली ते खरं, पण सहा वर्षं गॅस बंद करून मग दोन शिट्ट्या.

शेवटचं_पान:
आणि किम हॅरिसनची हॉलोज मालिका? २०१४ मध्ये तेराव्या पुस्तकात नायिका रेचलला रीतसर निरोप दिला, आम्ही डोळे पुसले, आणि २०२० मध्ये बाई परत हजर, चौदावं घेऊन. डोळे पुसल्याचे पैसे परत द्या.

घुबड:
रातपाळी, ऐकलंत? आशा सोडू नका. दोनशे वर्षांचाच करार आहे.

रातपाळी:
@घुबड सूकी तेव्हा सव्वादोनशे वर्षांची असेल रे.

घुबड:
एरिकला वयाचं काही नाही.

टीकाकार_काकू:
🤦 सॅम घरात आहे, हळू बोला.

झोपमोड:
मी तीनदा मालिका वाचलीये आणि दर वेळी मला वेगळं पुस्तक आवडलं. पहिल्यांदा चौथं, अर्थात. दुसऱ्यांदा नववं. तिसऱ्यांदा चक्क दहावं, कारण तेव्हा माझी स्वतःची परिस्थिती तशीच होती, आजारातून उठलेली, आणि ती बाई स्वयंपाकघर आवरते, अंगणात बसते, हंटरला (आतेबहिणीचा छोटा, त्याला पण मनातलं ऐकू येतं) शाळेत कसं वागायचं ते शिकवते, हे वाचून मला जेवढं बरं वाटलं तेवढं कुठल्या लढाईने वाटलं नसतं. तेराव्याने यातलं काहीच नासवलं नाही. तेरावं मी तिसऱ्या खेपेला वाचलंच नाही, बाराव्यावर थांबले. तसंही करता येतं.

फुलस्टॉप:
रातपाळी, एक काम कर. पहिलं पुस्तक परत उघड आणि नुसता सॅम शोध. बाकी काही बघू नकोस. मग येऊन सांग.

रातपाळी:
करून बघते. पण मत बदलेल असं समजू नकोस.

(चार दिवसांनी)

रातपाळी:
वाचलं. पहिलंच फक्त.

ठीक आहे फुलस्टॉप, तो आहे. सगळीकडे आहे. गावात बिल युद्धाच्या आठवणी सांगायला येतो त्या संध्याकाळी सूकी कुणाबरोबर गेलेली असते? सॅमबरोबर. मला अजिबात आठवत नव्हतं! सगळे बिलकडे बघतायत, मीही बिलकडेच बघत होते. आणि ते कुत्र्याचं. आजी गेलेली, गावात बायका मरतायत, ही घरात एकटी, आणि कोली जातीचा एक भटका कुत्रा येतो, ही त्याला डीन म्हणते, पायाशी झोपू देते, आणि सकाळी उठते तर तिथे सॅम. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसले होते आणि पुढे गेले होते. या वेळी तिथेच थांबले जरा.

पण (पण!) मग माझा राग आणखी वाढलाय. कारण हे एवढं नीट पेरलेलं होतं तर मधल्या दहा पुस्तकांत त्याला बारच्या मागे ग्लास पुसत का उभा ठेवला? त्याला सतत कुणीतरी वेड्यासारखी मैत्रीण दिली, आईचे प्रश्न दिले, भावाचं लग्न दिलं, पण सूकीबरोबर बसून चार वाक्यं बोलायला पानं दिली नाहीत. एरिकला पानंच्या पानं. चौथ्यात आख्खं पुस्तक. म्हणजे तक्रार सॅम का ही नाहीच माझी. मला सॅमवर प्रेम करायला वेळच दिला नाही ही आहे.

गप्पिष्ट:
@रातपाळी हे मात्र खरंय. याला माझ्याकडे उत्तर नाही.

फुलस्टॉप:
माझ्याकडे पण नाही. बारच्या मागे उभ्या माणसाकडे कुणी बघत नाही हेच लेखिकेला म्हणायचं असेल, असं म्हणणार होतो, पण ते मलाच पटलं नाही टाईप करताना.

पानपालटी:
नोंद घ्यावी, फुलस्टॉप पहिल्यांदाच माघार घेतोय. स्क्रीनशॉट काढलाय.

टीकाकार_काकू:
दुसरं सुरू केलंस का मग?

रातपाळी:
काल रात्री. डॅलसहून परतलेत. लाफायेतच्या प्रसंगाला पुन्हा वाईट वाटलं, माहीत असून. एरिक आत्ताच गुलाबी घट्ट लायक्रा घालून पार्टीला आलाय, त्यामुळे सध्या कुणी मला सॅमबद्दल विचारू नका.

उंटावरचा_शहाणा:
लायक्रा?? हे मला कसं आठवत नाही? मी दुसऱ्यापासून परत सुरू करतो.